ओठांवरची भाषा

२१ जून. दाट धुकं

पोरगी आली. गल्लीच्या पायऱ्या चढताना आधी नुसती पिवळी बॅग दिसली, मग धुक्यातून एक हात, मग केस, आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंड मला बघताक्षणी आवडलं. मोठे, मोकळे ओठ, आणि बोलताना ते पूर्ण हलवायची सवय. हल्ली लोक दात न उघडता पुटपुटतात. टीव्हीवर बातम्या देणारेसुद्धा.

तिचं खरं नाव रोसीओ. चिली देशातल्या कुठल्याशा डोंगराळ बंदराची. त्या नावाचा अर्थ म्हणे दव, म्हणून वर्गाच्या शाओ बाईंनी तिला नाव दिलं लू. घरी दोन वर्षं पुस्तकावरून चिनी शिकून आलीय. उन्हाळी वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून शपथ घेतली, की वर्ग संपेपर्यंत चिनीखेरीज एक शब्द काढायचा नाही, आईशीसुद्धा नाही. पुन्हा पुन्हा पकडलं तर परत पाठवणार. ऑगस्टच्या मध्यावर तोंडी परीक्षा. ती पास झाली तर हिला इथल्या विद्यापीठात समुद्री शेवाळाचा अभ्यास करायला जागा, नाही तर सरळ विमान आणि घर. हे सगळं तिनंच मला दारात उभ्या उभ्या सांगितलं, बूट काढायच्या आधी.

मला सगळं कळलं. मी तिला पोचवायला आलेल्या शाओ बाईंना म्हटलं, "हिला शिकवायचं आता काय राहिलंय?" बाई माझ्याकडे जरा विचित्रच बघत राहिल्या. तरुण आहेत, शिष्ट आहेत.

२४ जून. धुकं, कपडे वाळत नाहीत

घरात विद्यार्थी ठेवायची कल्पना माझीच. हे गेल्यापासून दोन खोल्यांत मी एकटी. माझी मुलगी हायनिंग दूर दक्षिणेत, शेन्झेनला. गल्लीच्या समितीचा माणूस मुलाखतीला आला होता, समोर बसून त्यानं दहा प्रश्न विचारले आणि मी अकरा उत्तरं दिली. लगेच पसंत.

हायनिंगला आज फोनवर लूला दाखवलं. "आई, तुला झेपेल ना?" म्हणाली. पुढचं काही कळलं नाही, कारण पडद्यावर तिचं चित्रच गोठलं. या फोनचं हे असंच. चित्र अडकलं की आवाजही अडकतो.

हायनिंगला माझी काळजी फार. दारावरची घंटा काढून तिनं तिथे दिव्याची भानगड करून ठेवलीय. बाहेर कुणी बटण दाबलं की स्वयंपाकघरात लाल दिवा लागतो. मोठ्या शहरांत हीच फॅशन असणार. मागच्या नववर्षाला कानात घालायचं एक यंत्रही घेऊन आली होती. घालून पाहिलं, तर डोक्यात पुन्हा गिरणीच सुरू झाली. काढून ठेवलं. जन्म कापडगिरणीच्या मागखात्यात गेलेल्या बाईचे कान जरा जाड होणारच, म्हणून काय लगेच म्हातारं व्हायचं?

लू सकाळी विचारत होती, रात्रभर समुद्रावर कोण हंबरत होतं. पूर्वी धुकं पडलं की बंदरावरचा भोंगा वाजायचा, आम्ही त्याला दर्याचा बैल म्हणायचो. तो बंद करून वर्षं झाली असावीत. नव्या जागेत पोरीला स्वप्नं पडत असतील.

२६ जून

लूला मीठ आणायला कोपऱ्यावर पाठवलं, ती सिगारेटचं पाकीट घेऊन आली. हिरमुसून म्हणाली, "मावशी, मी मीठच मागितलं."

"काय म्हणालीस ते परत म्हण बरं."

तिनं म्हणून दाखवलं. यन. स्वच्छ मीठ! मी पाकीट घेऊन तरातरा खाली गेले आणि दुकानदाराला सुनावलं, "पोरगी मीठ मागते आणि तू सिगारेट देतोस? कान तपासून घे."

तो काहीतरी पुटपुटला आणि खाली बघून मीठ मोजायला लागला. लाजला असावा.

२९ जून

आज धुकं जरा पातळ. समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत जिआंग दिसली. जिआंग माझी गिरणीतली मैत्रीण. गिरणीत मागांच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसायचा, म्हणून आम्ही बाया आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचो. मुकादमाची नक्कल, सासूच्या चहाड्या, सगळं त्याच्या नाकासमोर. ती सवय अजून आहे. गल्लीच्या या खिडकीतून त्या खिडकीत आम्ही तासन्‌तास बोलतो आणि खालून जाणाऱ्याला पत्ता नसतो.

जिआंगनं ओठांनी विचारलं, "ही कुठून उचललीस? डोळे बघ केवढे! रात्री मिटतात तरी का?"

"मिटतात. आणि जपून बोल, तिला आपली भाषा कळते," मी तसंच उत्तर दिलं.

लू माझ्या खांद्याशी उभी राहून बघत होती. मग तीही बिनआवाजाची बोलली. "नमस्कार, मावशी. मला रात्री झोप छान लागते." जिआंगच्या हातातली कपड्यांची पिन खालीच पडली.

तेव्हापासून आम्ही दोघी घरात अशाच बोलतोय. भांडी घासताना, जिन्यात, बाजारात. धुक्यात बसून आवाजाशिवाय बोलायचं म्हणजे पाण्याखाली बसल्यासारखं वाटतं. मला कितीतरी वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

४ जुलै

लूला सुरांच्या चाचणीत शून्य. आपल्या भाषेत सूर चढला-उतरला की शब्दच बदलतो. एकही शब्द बरोबर नाही, असं शाओ बाईंनी कागदावर लाल अक्षरात लिहिलंय. वर्गात नाव सांगताना ती म्हणे "मी शेगडी आहे" म्हणाली. बाजारात गेली तर शिंपले विकत घ्यायचे सोडून विकायचेत म्हणाली. पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडली. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले.

मी म्हटलं, "वेडी का काय? मला तुझा शब्दन्‌शब्द कळतो की नाही? मी इथलीच आहे ना? साठ-पासष्ट वर्षं मी काय जपानी बोलतेय? त्या बाईला काय कळतं!"

"खरंच कळतं, मावशी?"

"हायनिंगपेक्षा जास्त कळतं."

मग हसली. मी कोपऱ्यावरून प्लास्टिकच्या पिशवीत सुटी बिअर भरून आणली, तिखट शिंपले केले, आणि दोघींनी खिडकीत बसून पिशवीला नळी लावून बिअर प्यायली. ठरलं असं की रोज संध्याकाळी तिनं माझ्याशी दोन तास बोलायचं. परीक्षा कशी पास होत नाही तेच बघते.

७ जुलै. धुकं

दुपारी लू पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. मी समोर भाजी निवडत होते. झोपेत तिचे ओठ हलायला लागले. मी वाचायला गेले आणि एक अक्षर लागेना. गोल, लांबट, एकमेकांत वाहत जाणारे आकार, आपल्यातले नाहीतच. आईशी बोलत असावी. खिडकीतून धुकं आत येत होतं आणि मला वाटलं, ही इथे नाहीच, त्या दुसऱ्या बंदरात कुठल्याशा पायऱ्यांवर बसलीय आणि मी तिला लांबून बघतेय.

जागी झाल्यावर सांगितलं, "शपथ मोडलीस हं."

ती घाबरली. मी म्हटलं, "झोपेतली धरत नाहीत." मग मात्र तिनं मला येऊन मिठी मारली. हायनिंग शाळेत असताना मारायची तशी.

ही ऑगस्टनंतरही इथेच राहावी असं मला फार वाटायला लागलंय. खरं तर दुसरं काही वाटतच नाही.

१० जुलै

पहाटेच्या ओहोटीला शिंपले खणायला गेलो. लूला शेवाळं बघायची होती. गेल्या गेल्या असं धुकं आलं की हातातलं खुरपं दिसेना. मला अशा वेळी फार बरं वाटतं. सगळं पांढरं, सगळं गप्प. मी पाठमोरी बसून आपली खणत होते.

अचानक कुणीतरी खांदा धरून गदागदा हलवला. लू. कमरेपर्यंत भिजलेली, गुडघा फुटलेला, चेहरा पांढराफटक. भरतीचं पाणी खडकांमागून आलं आणि ती तिथे अडकली होती. "मावशी, मी हाका मारत होते, किती हाका मारल्या!"

"धुकं आवाज गिळतं गं," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी जिथे बसले होते आणि ती जिथे अडकली होती त्या दोन जागांकडे बघत राहिली. फार लांब नव्हत्या.

तेवढ्यात मासे धरणारा एक गळवाला धुक्यातून आला आणि मला विचारतो, "आजी, कोट सापडला का?"

"कुठला कोट?"

"ही पोरगी मघापासून कोट कोट करून ओरडत होती. मीपण शोधत होतो."

जुलैत कोट कोण घालतं? धुक्यात माणसांना भ्रम होतो तो असा.

१३ जुलै

लूला काय झालंय कळत नाही. मी भात धूत असताना मागे येऊन उभी राहिली म्हणे, आणि मग समोर येऊन विचारते, "मावशी, मी आत्ता काय म्हणाले?"

"मी कामात होते."

जेवताना वाडगा तोंडासमोर धरून काहीतरी बोलली. मी म्हटलं, "हे काय पोरकट वागणं? वाडगा खाली ठेव." तिनं ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. गुडघा दुखत असेल.

आज उन्हाळ्याच्या कडक दिवसांपैकी पहिला, डंपलिंग खायची रीत, म्हणून माशाची डंपलिंग केली होती. तिनं फारशी खाल्ली नाहीत. संध्याकाळी दोन तास बोलायची आमची वेळ झाली तर म्हणाली, "आज थकले." तेही आवाज न काढता.

१६ जुलै

शाओ बाई घरी आल्या. लू वर्गात सगळ्यांच्या मागे आहे, निम्मा वर्ग संपला आणि सूर अजून बसले नाहीत, असंच चाललं तर नापास होणारच. "तिला वसतिगृहात हलवू या. तिथे मुली तिची प्रत्येक चूक पकडतील. तुमच्याकडे तिला कुणी टोकत नाही, आजी."

"चूकच नाही तर टोकू काय?"

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण लू मध्ये पडली. "मी जाणार नाही. मी मावशींकडेच राहणार."

मी बाईंकडे असं बघितलं की त्या चहा अर्धा टाकून गेल्या. जिंकले! जिना उतरून जाईपर्यंत मी खिडकीत उभी होते.

२० जुलै

जिंकले कसली. लू आता पहाटे उठून खाली कुंग भावोजींकडे जाते आणि वर्गाच्या वेळेपर्यंत तिथेच बसते. संध्याकाळीही तिथेच. कुंग भावोजी म्हणजे ह्यांचे जुने मित्र, खालच्या मजल्यावर राहतात. माणूस चांगला, पण मिशा अशा वाढवल्यात की तोंड आहे की नाही तेच दिसत नाही. ते काय बोलतात ते मला कधीच कळत नाही. मी मान हलवते, ते हसतात, आमचं वर्षानुवर्षं असंच चाललंय. त्यांच्याकडून ही काय शिकणार?

मला फार लागलं. माझं काय चुकलं तेही कळेना. रात्रीचं जेवण तिच्यासमोर आदळलं. ती "मावशी" म्हणाली, मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. तिच्याकडे बघितलं नाही की मग घरात काहीच उरत नाही. नुसतं धुकं.

२२ जुलै. ऊन!

आज सकाळी धुकं फाटलं. समुद्र एकदम समोर येऊन बसला. लाल कौलं, जहाजं, झाडाचं पान न्‌ पान. मी खिडकीत आले तर खाली झाडाखालच्या बाकावर लू आणि कुंग भावोजी. लूचं तोंड माझ्याकडे. चोरून ऐकणं वाईट, पण बघायला काय हरकत?

ती म्हणत होती, "त्यांना सांगू नका, आजोबा. त्यांना ऐकू येत नाही हे त्यांना माहीतच नाही. फार वाईट वाटेल."

भावोजींच्या मिशा हलल्या. काय बोलले देव जाणे. मग कलिंगडांची गाडी मध्ये येऊन उभी राहिली.

मी विचार करत बसले आणि मग डोक्यात प्रकाश पडला. जिआंग! हल्ली ती खिडकीतून सारखी माझ्या तोंडाकडे टक लावून असते. बिचारीचे कान गेले आणि मला, तिच्या मैत्रिणीला, पत्ता नाही. दुपारी तिच्यासाठी बशीभर कलिंगड घेऊन गेले आणि तिच्या अगदी समोर उभी राहून, ओठ मोठे करून, हळूहळू विचारलं, "तू... बरी... आहेस... ना?"

"मी बरी आहे," जिआंग म्हणाली. "तुला काय झालंय?"

२५ जुलै

राहवेना. कुंग भावोजींकडे गेले. ते दारात पिंजऱ्यातल्या पाखराला दाणे घालत होते. म्हटलं, "भावोजी, जिआंगच्या कानांचं तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, मग मलाच का लपवलं?"

भावोजींनी दाण्यांची वाटी खाली ठेवली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मग दोन बोटांनी आपल्या मिशा वर उचलून धरल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे ओठ बघितले. बारीक आहेत, पोरासारखे.

"वहिनी," ते म्हणाले, "जिआंगला डास उडाला तरी ऐकू येतं. ती मागावर होतीच किती? पुढे कॅन्टीनला गेली. ऐकू तुम्हांला येत नाही."

ते मिशा तशाच धरून थांबले.

"सगळ्या गल्लीला माहीत आहे. मीठवाल्यालाही. तुम्ही ओठ इतके छान वाचता की आम्हीही कधी कधी विसरतो. पण सूर ओठांवर दिसत नाही ना, वहिनी. मीठ म्हणा नाही तर सिगारेट म्हणा, तोंड सारखंच. ती पोरगी इथे आल्यापासून तुम्हांला काय हाक मारते माहितीय? मावशी नाही. ता-यी. शेवटच्या ‘यी’चा सूर चढवला की मावशी, सपाट ठेवला की ओव्हरकोट. सगळी गल्ली ऐकते. जिन्यातून ओरडत येते, ओव्हरकोट, मी आले! ओव्हरकोट, जेवायला काय केलंत? तुम्ही आपल्या खुशीत ओ देता."

मला त्या गळवाल्याची आठवण झाली. मी विचारलं, "मग तिनं मला सांगितलं का नाही?"

"म्हणते, सांगितलं तर मला वसतिगृहात जावं लागेल आणि त्या एकट्या पडतील. म्हणते, नापास झाले तर झाले." त्यांनी मिशा सोडल्या. मग पुन्हा धरल्या. "मी सकाळ-संध्याकाळ शिकवतोय, वहिनी. पण माझे उच्चार म्हणजे कोळ्याचे. माझ्याकडून शिकून ती पास व्हायची नाही."

घरी येऊन मी तांब्याचा गडू जमिनीवर टाकला. तो पडला, लोळत लोळत पलंगाखाली गेला. पायांना कळलं. बाकी काही नाही. पुन्हा टाकला. मग किती वेळ टाकत होते मला माहीत नाही. जिआंग समोरच्या खिडकीत येऊन उभी राहिली होती आणि ओठांनी म्हणत होती, बस कर, बस कर.

खूप रडले. मी किती वर्षं एकटीच गप्पा मारतेय, आणि सगळे सांभाळून घेतायत. त्या दिवशी समुद्रावर पोरगी बुडाली असती आणि मी तिच्याकडे पाठ करून शिंपले खणत बसले असते.

२७ जुलै

लू वर्गातून आली. मी तिला समोर बसवलं.

"लू, मला ऐकू येत नाही."

तिनं पाठीवरचं दप्तर उतरवून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "थोडं येत असेल, मावशी."

"नाही. तू आत्ता मला कोट म्हणालीस की मावशी, तेही मला माहीत नाही."

तिचे कान लाल झाले. "मावशी म्हणाले. आता जमतं. बऱ्याचदा जमतं."

"कोट म्हणालीस तरी हरकत नव्हती. इथला हिवाळा फार वाईट असतो."

ती हसली आणि रडायला लागली, एकदमच. मी तिची पिवळी बॅग काढून पलंगावर ठेवली. ती बॅगकडे बघत राहिली.

"तुम्ही मला घालवताय?"

"हो."

"पण मला इथेच राहायचंय. मी जाणार नाही!"

"तू इथे राहिलीस तर परीक्षेनंतर कायमची जाशील. ऐक माझं. या घरात तू चुकलीस तरी मला बरोबरच दिसतेस. मला तुझं काहीही कळतं. परीक्षा घेणारे ओठ बघणार नाहीत, ते ऐकणार आहेत."

"आणि तुम्ही?"

खरं तेच सांगितलं. म्हटलं, "मला खूप वाईट वाटेल. तू बॅग भर."

शाओ बाई संध्याकाळी न्यायला आल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या माझ्या अगदी समोर उभ्या राहून, एकेक शब्द नीट ओठांवर ठेवून म्हणाल्या, "आजी, माफी मीच मागायला हवी. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं."

शिष्ट नाहीत त्या.

६ ऑगस्ट

रोज ऊन. रोज समुद्र दिसतो. घरात पूर्ण ओठ हलवून बोलणारं कुणी नाही. मी स्वयंपाक एका माणसाचा करते आणि तरी उरतो.

शेवाळ उकळून, गाळून, त्याची थंड वडी थापली, वर लसूण आणि व्हिनेगर घातलं. लूला ही फार आवडायची. तिच्या बंदरातही म्हणे शेवाळ खातात. डबा शाओ बाईंच्या हाती पाठवला. लूला भेटायला गेले नाही. मला बघितलं की ती आवाज सोडून ओठांनी बोलायला लागेल, आणि मीही.

आज मासळीवाल्याला पहिल्यांदा सांगितलं, "बाबा, समोर बघून बोल, मला ऐकू येत नाही." वाटलं, आता सगळा बाजार थांबून बघेल. त्यानं तोंड वर केलं आणि भाव परत सांगितला. एवढंच. त्याचा पुढचा दात सोन्याचा आहे. वर्षानुवर्षं त्याच्याकडून मासे घेतेय, कधी दिसलाच नव्हता.

संध्याकाळी धक्क्यावर बसले. पोरं पाण्यात उड्या मारत होती. त्यांचे आवाज येत नाहीत हे आता मला माहीत आहे. माहीत असलं की शांतता वेगळी लागते, जड लागते. तरी लाटा चमकत होत्या आणि मी बराच वेळ बसून राहिले. हायनिंगला फोन करून सांगितलं. ती पडद्यावर खूप रडली. पडदा गोठला तेव्हा मी म्हटलं, "थांब, चित्र येऊ दे. मग बोल."

१४ ऑगस्ट

परीक्षा. घरातली माणसं मागच्या बाकांवर बसू शकतात, असा निरोप शाओ बाईंकडून आला. हायनिंगच्या लग्नातला निळा ब्लाउज घातला आणि गेले. कुंग भावोजीही आले, जिआंगही आली. शेवटच्या रांगेत आम्ही तिघं.

समोर लांब टेबल, टेबलामागे तीन परीक्षक. विद्यार्थ्यानं त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं. म्हणजे आमच्याकडे पाठ. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

लूचा नंबर आला. ती आत आली, आम्हांला बघून तिचे ओठ हलले, बहुधा नुसतं हसली. मग वळली. केस वर बांधले होते. मानेवर एक तीळ आहे, तो मला आजवर माहीत नव्हता.

ती बोलायला लागली असावी, कारण परीक्षकांनी माना वर केल्या. मी तिच्या पाठीकडे बघत होते. खांदे जरा वर गेले, खाली आले. काय बोलत होती? शेवाळाबद्दल? आईबद्दल? शेन्झेनहून, चिलीहून, कुठूनही कुणी माझ्याशी बोललं तरी मी तोंड बघून समजून घेते, पण इथे तोंडच नव्हतं. भिंतीकडे बघावं तसं. मी भावोजींकडे वळले. ते ऐकत होते, मिशा धरायचं त्यांना भान नव्हतं. जिआंगकडे वळले. तिचे ओठ मिटलेले, डोळे भरलेले. मला कुणी काही सांगेना.

मग मी परीक्षकांकडे बघायला लागले. डावीकडची बाई पुढे झुकली. उजवीकडच्या तरुण माणसाला हसू आलं, ते त्यानं हातानं झाकलं. मधले म्हातारे गृहस्थ, ज्यांनी आधीच्या प्रत्येक पोराला मध्येच थांबवून बोट वर केलं होतं, त्यांनी बोट वर केलं नाही. पेन खाली ठेवलं आणि खुर्चीला टेकून, हात पोटावर बांधून, गोष्ट ऐकावी तसे ऐकत राहिले.

त्या तिघांना सगळं कळत होतं. मला एकही शब्द कळला नाही. मी मांडीवर हात ठेवून तिची पाठ बघत बसले, आणि मला इतका आनंद झाला की मला माझं रडणंही समजलं नाही. जिआंगनं रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.